‘काय घडले’ हे कोणी ठरवायचे?

मुंबईच्या गिरणगावात साठ-सत्तर वर्षांपूर्वी अशी स्थिती होती की, दोन सख्ख्या भावांना एकाच आठवड्यात, एकाच आरोपावरून कामावरून काढले, तरी दोघांच्या पुढच्या वाटा वेगळ्या निघत. थोरला गिरणीत साच्यावर, धाकटा इंजिनीअरिंग कारखान्यात लेथवर. थोरल्याला १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट लागू, ज्याला सगळे ‘बीआयआर’ म्हणत. त्याने मालकाला ॲप्रोच लेटर, म्हणजे तक्रारीचे पत्र, द्यायचे, मग लेबर कोर्टात जायचे, तिथे हरला तर इंडस्ट्रियल कोर्टात अपील करायचे. त्या अपिलात वरचा न्यायाधीश साक्षी पुन्हा वाचू शके आणि खालच्याचे म्हणणे पटले नाही तर तसे लिहू शके. धाकट्याला १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा. १९६५ पर्यंत एकट्या कामगाराची बडतर्फी हा कायद्याने ‘औद्योगिक विवाद’च धरला जात नसे, युनियनने किंवा बऱ्याच कामगारांनी पाठीशी उभे राहावे लागे. मग सरकारने तो वाद न्यायाधिकरणाकडे पाठवला तर पाठवला. आणि निकाल विरुद्ध गेला की धाकट्याला अपीलच नाही. उरले हायकोर्टातले रिट. ते दाखल करून घ्यावे की नाही हेच आधी ठरायचे, आणि तिथला पहिला प्रश्न असायचा: काय घडले हे खालच्या कोर्टाने ठरवले आहे, त्यात आम्ही कशाला पडावे?

या प्रश्नाभोवती माझी सगळी नोकरी गेली. १९७४ साली मी फोर्टातल्या एका कामगार-वकिलांच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. आमच्याकडे येणारे बहुतेक सगळे हरून आलेले असत. लेबर कोर्टाचा निकाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला असे, आणि माणूस खुर्चीवर टेकायच्या आधी म्हणे, “ताई, असं घडलंच नव्हतं हो.” कायद्याचा अर्थ चुकला अशी तक्रार घेऊन आलेला कामगार मला आठवत नाही. त्याची तक्रार एकच: जे घडले नाही ते घडले असे लिहिले गेले. आणि वरच्या कोर्टात नेमके तेच सांगायला सगळ्यांत अरुंद दार.

हे दार असे का झाले, ते कोणी बांधले, याचा माग मी पुढे कचेरीतल्या वकिलांच्या, म्हणजे आमच्या सरांच्या, कपाटातल्या जुन्या लेबर लॉ जर्नलांतून काढला. माझे मत असे आहे की, हा इतिहास कामगारांच्या चळवळीने नीट वाचलेला नाही. संप, मोर्चे, गोळीबार यांच्या तारखा आपल्याला पाठ आहेत. पुरावा कोणी तोलायचा, यावर झालेली लढाई मात्र वकिलांच्या पुस्तकांत पडून राहिली.

सुरुवात १९२४ पासून करायला हवी. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मुंबईच्या गिरण्यांनी कामगारांना बोनस द्यायला सुरुवात केली होती. चार-पाच वर्षे तो मिळत राहिला. १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला आणि १९२४ च्या जानेवारीत संप सुरू झाला. दीड लाखाहून अधिक कामगार बाहेर. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. प्रश्न दोन होते. कामगारांचा बोनसवर रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने काही हक्क बसला आहे का? आणि १९२३ चा नफा बोनस देण्याजोगा होता का? समितीने दोन्हींवर ‘नाही’ म्हटले. यातला दुसरा प्रश्न निव्वळ वस्तुस्थितीचा. गिरण्यांच्या वह्या मालकांच्या, त्या वाचून काढलेला आकडा समितीचा. तो चुकीचा वाटला तर कामगारांनी कुठे जायचे? कुठेच नाही. मार्चअखेर संप संपला आणि लोक रिकाम्या हाताने साच्यांवर परतले. अपील ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती, कारण समिती हे कोर्ट नव्हते. तिचा अहवाल कोणावर बंधनकारक नव्हता, पण उपासमारीला आलेल्या माणसाला तो बंधनकारकच होता.

१९३८ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतासाठी औद्योगिक कलहाचा कायदा आणला. त्याच्या विरोधात ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. विरोध रास्त होता, कारण तो कायदा संपाच्या हक्काला वेसण घालत होता. त्याच कायद्याने मुंबईला कायमचे इंडस्ट्रियल कोर्ट दिले, हेही तितकेच खरे. १९४६ च्या बीआयआरने त्याखाली लेबर कोर्टे आणली आणि त्यांच्या निकालांवर अपिलाची सोय केली. गिरणी कामगाराच्या हाती आलेली ही मोठी गोष्ट होती. तिची किंमत चळवळीने नीट केली नाही असे मला वाटते, कारण त्याच कायद्याने एका उद्योगात एकाच युनियनला प्रतिनिधित्व देऊन ठेवले आणि सगळा राग तिकडे गेला. त्या रागाचा शेवट १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात झाला, हे वाचकांना सांगायला नको.

देशपातळीवर अपिलाचा प्रयोग एकदाच झाला, आणि तो जेमतेम सहा वर्षे टिकला.

स्वातंत्र्यानंतर ठिकठिकाणच्या औद्योगिक न्यायाधिकरणांचे निकाल एकमेकांशी जुळेनात. एकाने बोनस द्यायला सांगावे, दुसऱ्याने तशाच कंपनीला नको म्हणावे. म्हणून १९५० साली कायदा करून लेबर अपेलेट ट्रायब्युनल स्थापन केले. मुंबई, कलकत्ता अशा शहरांत त्याची खंडपीठे बसत. अपील कशावर करता येईल हे कायद्याच्या सातव्या कलमात सांगितले होते. एक, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर. दोन, काही ठरावीक विषयांवर: पगार, बोनस, प्रवासभत्ता, पेन्शन किंवा भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटी, श्रेणींची वर्गवारी, कामगारकपात. या विषयांवर कायद्याचा प्रश्न नसला तरी अपील चाले, म्हणजे आकडे आणि वस्तुस्थिती पुन्हा तपासता येत.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा पुन्हा वरून खाली गेले. त्यात एक गोष्ट नाही: गैरवर्तनाच्या आरोपावरून बडतर्फी. पैशाचे विषय बहुतेक सगळे आहेत. चोरीचा, मारहाणीचा, ‘कामात हयगय’ केल्याचा ठपका घेऊन घरी बसलेल्या माणसाने मात्र कायद्याचा प्रश्न शोधून आणायचा. ज्या वादात ‘काय घडले’ यावर सगळे अवलंबून, नेमक्या त्याच वादात घडल्यागेल्याची फेरतपासणी नाही.

मोठे आर्थिक वाद तिथे खरोखर नव्याने तोलले गेले. मुंबईच्या गिरणीमालकांची संघटना विरुद्ध राष्ट्रीय मिल मजदूर संघ हा १९५० चा निकाल आजही बोनसच्या इतिहासात पहिला येतो. नफ्यातून आधी घसारा, यंत्रसामग्रीचे नूतनीकरण, प्राप्तिकर, भरणा झालेल्या भांडवलावर सहा टक्के आणि खेळत्या भांडवलात वापरलेल्या गंगाजळीवर त्याहून कमी दराने परतावा वजा करायचा. उरले तर त्यात कामगारांचा वाटा. हे सूत्र त्या खंडपीठाने घालून दिले आणि १९६५ चा बोनस कायदा येईपर्यंत देशभर तेच चालले. १९२४ साली मॅक्लाउड समितीने ज्या वह्या एकदाच उघडून मिटल्या होत्या, त्या कशा वाचायच्या याचा नियम अखेर अपिलातून जन्मला.

पण अपिलाला वेळ लागे. मालकाकडे वेळ असतो. कामगार संघटना वैतागल्या आणि त्यांनीच हे अपेलेट ट्रायब्युनल नको म्हणून आवाज उठवला. त्यात १९५४ साली बँक कर्मचाऱ्यांचे प्रकरण घडले. त्यांच्या वादातला आधीचा सेन निवाडा सुप्रीम कोर्टाने १९५१ साली न्यायाधिकरणाच्या रचनेतल्या दोषावरून रद्द केला होता. मग शास्त्री निवाडा झाला, त्यावर अपेलेट ट्रायब्युनलने १९५४ च्या एप्रिलमध्ये निकाल दिला. तो कर्मचाऱ्यांना बराच बरा होता. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने आपल्या अधिकारात त्यात बदल करून तो खाली आणला. श्रममंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी त्यावर राजीनामा दिला. अपिलात जिंकलेले मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत जाऊ शकते, हे पाहिल्यावर कोणाचा विश्वास उरणार? पुढे त्या वादाची चौकशी न्यायमूर्ती राजाध्यक्षांकडे आणि त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांकडे गेली. १९५६ साली कायदा दुरुस्त करून अपेलेट ट्रायब्युनल गुंडाळले.

त्या वेळी संघटनांना वाटले, आता निकाल म्हणजे निकाल, मालकाला लांबण लावता येणार नाही. झाले उलटे. मालक थेट दिल्लीला जाऊ लागले.

ती वाट आधीच मोकळी झालेली होती. दिल्लीच्या भारत बँकेच्या प्रकरणात १९५० साली, घटना लागू होऊन चारच महिने झालेले असताना, सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न आला की औद्योगिक न्यायाधिकरणाच्या निकालावर कलम १३६ खाली विशेष अनुमती मागता येते का. पाच न्यायमूर्तींत तीन विरुद्ध दोन असे मत पडले: मागता येते. बँकेच्या पदरात त्या खटल्यात काही पडले नाही, पण दार उघडले गेले. अपेलेट ट्रायब्युनल गेल्यावर या दाराशी रांग लागली. कामगाराला दिल्लीचा खर्च झेपत नव्हता, मालकाला झेपत होता. म्हणून ‘अपील नको’ या मागणीचा फायदा कोणाला झाला, या प्रश्नाचे उत्तर मला तरी एकतर्फी दिसते.

साताऱ्याचे गजेंद्रगडकर मुंबई हायकोर्टात बारा वर्षे काढून १९५७ च्या आरंभी सुप्रीम कोर्टात गेले. म्हणजे अपेलेट ट्रायब्युनल मोडले आणि ते दिल्लीला पोचले, या दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. पुढची सात-आठ वर्षे कामगार कायद्याचे कितीतरी महत्त्वाचे निकाल त्यांच्या हातचे आहेत. बोनसचे सूत्र १९५९ च्या असोसिएटेड सिमेंटच्या खटल्यात त्यांनीच पक्के केले. आणि रिटमध्ये हस्तक्षेप कधी करायचा याची जी चौकट हायकोर्टात आजही चालते, तीही १९६३ च्या एका निकालात त्यांनीच आखली. तो वाद कामगारांचा नव्हता, बसच्या परवान्याचा होता. पण आमच्या कचेरीत त्या निकालाची प्रत हाताळून मऊ झाली होती. त्याचा सार असा: खालच्या न्यायाधिकरणाने तथ्य ठरवताना चूक केली, अगदी ढोबळ चूक केली, तरी रिटमध्ये ती सुधारता येत नाही. अपवाद थोडे. निष्कर्षाला पुरावाच नसेल. ग्राह्य आणि महत्त्वाचा पुरावा चुकीने नाकारला असेल. जो घ्यायला नको तो घेऊन त्याच्यावर निकाल उभा केला असेल. पुरावा कमी पडतो, अपुरा आहे, असे म्हणून भागत नाही.

त्याच्या काही वर्षे आधी इंडियन आयर्न अँड स्टीलच्या खटल्यात खालच्या पायरीवरही असेच कुंपण घातले गेले होते. कंपनीने स्वतःच्या चौकशीत कामगाराला दोषी ठरवले, तर न्यायाधिकरणाने कधी हात घालायचा? सद्भावना नसेल, सूडबुद्धी किंवा अनुचित प्रथा असेल, नैसर्गिक न्याय पाळला नसेल किंवा मूलभूत चूक असेल, किंवा निष्कर्ष पूर्ण निराधार, कोणी शहाणा माणूस काढणार नाही असा असेल, तेव्हाच. ही कसोटी मुळात अपेलेट ट्रायब्युनलनेच मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या वादात सांगितली होती. ट्रायब्युनल गेले, कसोटी राहिली.

याचा अर्थ नीट समजून घ्या. कंपनी आरोप ठेवणार. कंपनी चौकशी अधिकारी नेमणार, बहुतेकदा स्वतःचाच अधिकारी किंवा पॅनेलवरचा वकील. साक्षीदार कंपनीचे पगारी. तो अधिकारी लिहील ते ‘तथ्य’, आणि पुढचे प्रत्येक कोर्ट म्हणणार, तथ्यात आम्ही पडत नाही. जो पक्षकार आहे त्याच्याच घरात वस्तुस्थिती ठरत होती आणि वर तीन मजल्यांवर तिला कुलूप लागत होते. मला या व्यवस्थेचा आजही राग येतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६३ साली नोकरीतून काढण्यासंबंधी ११९ क्रमांकाची शिफारस केली: काढलेल्या माणसाला निःपक्ष संस्थेपुढे जाता यावे आणि तिने कारणे स्वतः तपासावीत. तिला धरून संसदेने १९७१ साली औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११-अ घातले. १५ डिसेंबर १९७१ पासून लेबर कोर्टाला साक्षी स्वतः वाचायचा, बडतर्फी योग्य होती की नाही हे ठरवायचा आणि शिक्षा जास्त वाटली तर कमी करायचा अधिकार मिळाला. १९७३ साली फायरस्टोनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केले. शिवडीला जिचा टायरचा कारखाना होता तीच ही कंपनी. चौकशी योग्य झाली असली तरी पुराव्यावरून आरोप सिद्ध होतो का, हे आता कोर्ट पाहील, असे निकालात आले. मालकाला मात्र एक सवलत राहिली: चौकशी सदोष ठरली किंवा झालीच नसली, तरी कोर्टापुढे पहिल्यांदा पुरावा द्यायची मुभा. आणि कलम लागू होण्याआधी सरकारने पाठवलेल्या वादांना, म्हणजे रेफरन्सना, त्याचा लाभ नाही. मी लागले तेव्हा कचेरीत ही तारीख परवलीची होती. फाइल उघडली की सर आधी विचारत, रेफरन्स डिसेंबरच्या आधीचा की नंतरचा?

यातले एक प्रकरण सांगते, कारण कलमांपेक्षा कागद जास्त बोलतात. पूर्व उपनगरातल्या एका कारखान्यातला टर्नर. आरोप: पहिल्या पाळीच्या शेवटी जेवणाच्या डब्यातून पितळी बुश नेताना गेटवर सापडला. चौकशीचे कागद म्हणजे फूलस्कॅपचा गठ्ठा, प्रश्न-उत्तरे हाताने लिहिलेली, प्रत्येक पानाखाली टर्नरची सही. वॉचमनची साक्ष अशी की तीन वाजून दहा मिनिटांनी अडवले. कामगाराचे पंचिंग कार्ड मात्र तीन चौतीसचा ठसा दाखवत होते. कार्ड छापले जायच्या आधी तो गेटवर कसा पोचला? गेट रजिस्टरचे मूळ पान कंपनीने आणलेच नव्हते, टाइप केलेला उतारा लावला होता. डबा उघडला तेव्हा शेजारी उभा असलेला दुसरा कामगार बचावाचा साक्षीदार म्हणून येऊन गेला होता, त्याची उलटतपासणीही झाली होती. चौकशी अधिकाऱ्याच्या निष्कर्षात त्याचे नावसुद्धा नाही.

लेबर कोर्टाने ११-अ खाली हे सगळे वाचले. निष्कर्ष ‘परव्हर्स’, म्हणजे शहाणा माणूस काढणार नाही असा, ठरवला, कामावर परत घ्या, सेवा अखंड धरा, अर्धा मागील पगार द्या, असा निवाडा दिला. मग हायकोर्टात आली ती कंपनी, आणि कंपनीच्या रिटमध्ये होते काय? न्यायाधीशांनी पुराव्याचे मूल्यमापन चुकीचे केले. आता तेच कुंपण आमच्या बाजूने उभे होते. सर फक्त एवढेच म्हणाले की, हा तथ्याचा निष्कर्ष आहे, त्याला तीन कागदांचा आधार आहे, दुसरे मत होऊ शकत असले तरी तेवढ्याने हस्तक्षेप होत नाही. रिट दाखल झाले, वर्षे लोटली, अखेर फेटाळले गेले. टर्नरच्या निवृत्तीला तेव्हा फार दिवस उरले नव्हते.

म्हणून ‘तथ्यावर अपील हवेच’ असे मी सरसकट म्हणत नाही. जिंकलेल्या कामगाराला तथ्याची अंतिमता हाच आधार असतो. मला हवे आहे ते इतकेच की, ती अंतिमता निःपक्ष माणसाने स्वतः पुरावा वाचल्यानंतर यावी. मालकाच्या चौकशी अधिकाऱ्याच्या सहीने येऊ नये.

रिटचे अर्ज लिहिण्याचीही एक रीत होती. नवे वकील ग्राउंड्सची यादी देत: विद्वान न्यायाधीशांनी पुरावा लक्षात घेतला नाही, विद्वान न्यायाधीशांनी कागद नजरेआड केले, वीस-वीस ग्राउंड्स. सर लाल शाईने ती सगळी काढून टाकत. ते सांगत, काय लक्षात घेतले नाही ते पान नंबर घालून लिहा. निकालाच्या नवव्या परिच्छेदात म्हटले आहे की साक्षीदाराने प्रत्यक्ष पाहिले. उलटतपासणीत पान एकतीसवर तोच म्हणतो की मी नंतर आलो. बस. असे दोन परिच्छेद असले तर न्यायमूर्ती पान उलटतात. ॲडमिशनच्या बोर्डावर शंभरेक मॅटर असत, एकेकाला मिळायची काही मिनिटे. त्या मिनिटांत पुराव्याचा अभाव दाखवायचा असतो, पुराव्याचा कमीपणा नव्हे. आणि मथळ्यात घटनेचे कलम २२६ लिहायचे की २२७, याचाही विचार लागे. एकल न्यायमूर्तींनी २२६ खाली दिलेल्या निकालावर हायकोर्टातच दोघांच्या खंडपीठाकडे अपील होते, २२७ खाली होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८६ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात न्यायमूर्ती मदन यांच्या लेखणीतून नक्की केले. त्यानंतर आमच्या प्रत्येक याचिकेवर दोन्ही आकडे टाइप होऊ लागले.

पुराव्याचा अभाव आणि कमीपणा यांतला फरक सगळ्यांत जास्त बाधला तो बसवाहकांना. हरियाणातल्या एका वाहकाचे प्रकरण १९७७ साली सुप्रीम कोर्टात गेले. तपासणी पथकाला अकरा प्रवासी विनातिकीट सापडले, पैसे दिले होते असे प्रवासी म्हणाले. पण चौकशीत एकाही प्रवाशाची साक्ष नाही. खालच्या कोर्टांनी वाहकाच्या बाजूने कौल दिला होता. सुप्रीम कोर्ट म्हणाले, घरगुती चौकशीला पुराव्याचा कडक कायदा लागत नाही. ‘काही पुरावा’ आहे की नाही एवढेच पाहायचे, आणि पथकाच्या अधिकाऱ्याची साक्ष हा काही पुरावा आहे. हा निकाल पुढे देशभरच्या एसटी-वाहकांच्या खटल्यांत मालकाच्या बाजूने वाचला गेला. मला तो पटलेला नाही. उतरून गेलेल्या प्रवाशाला शोधून आणणे अवघड असते हे खरे, पण त्या अडचणीचा भार नोकरी गेलेल्या माणसानेच का उचलायचा?

महाराष्ट्रात १९७५ साली आणखी एक वाट निघाली. अनुचित कामगार प्रथांचा १९७१ चा कायदा त्या वर्षी ८ सप्टेंबरला अमलात आला. कामगाराला सरकारच्या रेफरन्सची वाट न पाहता नव्वद दिवसांत थेट लेबर कोर्टात तक्रार करता येऊ लागली. लोक तिकडे धावले, आणि ते स्वाभाविक होते. केंद्राच्या कायद्यात बडतर्फ कामगाराला थेट अर्ज करण्याची सोय व्हायला २०१० साल उजाडले. पण या जलद वाटेवर ११-अ नव्हते. शिक्षा ‘धक्कादायक’ म्हणावी इतकी विषम आहे, नैसर्गिक न्याय पूर्ण धाब्यावर बसवला आहे, असे काही दाखवावे लागते. वर इंडस्ट्रियल कोर्टाकडे कलम ४४ खाली फक्त देखरेखीचा अधिकार. तिथे पुरावा पुन्हा तोलत नाहीत. त्यानंतर हायकोर्टात रिट, तिथेही नाही. वेळ वाचवण्यासाठी माणूस पुराव्याची फेरतपासणी सोडून देत होता आणि बहुतेकांना ती सोडली हे कळतही नव्हते. सर येणाऱ्या प्रत्येकाला आधी ही दोन कायद्यांची तुलना समजावून सांगत, मराठीत, कागदावर आकृती काढून.

जिंकलेल्याचे हाल कमी व्हावेत म्हणून २१ ऑगस्ट १९८४ पासून औद्योगिक विवाद कायद्याचे कलम १७-ब लागू झाले. परत घेण्याच्या निवाड्याला मालकाने हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात आव्हान दिले, तर निकाल लागेपर्यंत शेवटचा पगार कामगाराला द्यायचा. कामगाराने आपण दुसरीकडे नोकरीत नाही असे प्रतिज्ञापत्र करायचे. ही प्रतिज्ञापत्रे मी टाइप करायचे. समोरचा माणूस विचारी, “ताई, भाजी विकतो ते नोकरीत धरतात का?” मिळणारा पगार शेवटी मिळालेलाच, म्हणजे आठ-दहा वर्षांपूर्वीचा. तरीही त्या कलमाने रिट-अपिलांच्या खेळात मालकाच्या हातातला वेळ पहिल्यांदा महाग केला.

हे सगळे धागे एकत्र आणणारा एक निकाल मी निवृत्तीनंतर वाचला. औरंगाबादकडच्या एका शिक्षिकेला संस्थेने कामावरून काढले. खासगी शाळांतल्या शिक्षकांसाठी १९७७ च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरण आहे. त्याने चौकशी सदोष ठरवली, पूर्ण मागील पगारासह बाईंना परत घ्यायला सांगितले. हायकोर्टाने परत घेणे ठेवले आणि मागील पगार काढून टाकला, कारण आपण दुसरीकडे कमावत नव्हतो हे बाईंनी सिद्ध केले नाही. १२ ऑगस्ट २०१३ रोजी न्यायमूर्ती सिंघवी यांच्या पीठाने तो पगार परत दिला. कामावरून काढलेल्या माणसाने मी कमावत नव्हतो एवढे सांगावे. कमावत होता हे दाखवायचे काम मालकाचे. मालकाने तसा पुरावा दिलेला नसताना न्यायाधिकरणाचा निष्कर्ष हायकोर्टाने उलटवायला नको होता. खटले लांबण्याचा लाभ मालकाला व्हावा आणि तोटा कामगाराने सोसावा, हे योग्य नाही, असेही त्या निकालात आले.

तेव्हापासून तो निकाल मागील पगाराच्या वादात सर्रास पुढे केला जातो. आमच्या कचेरीत आता सरांची मुलगी बसते. तिच्याकडे कोणी बडतर्फीचे पत्र घेऊन आले की ती तारीख घालून पहिला कागद तयार करते तो याचाच: मला काढल्यापासून मी कुठेही नोकरीत नाही. आणि दुसरी मागणी करते ती चौकशीच्या संपूर्ण कागदांच्या प्रतीची, प्रत्येक पानाची, गेट रजिस्टरच्या मूळ पानासह.